पहिल्या थरातली जागा

"पाय काढ! अरे, पाय काढ आधी त्याच्या तोंडावरून! शहीद आहे तो, पायपुसणं नाय!"

टेंभी नाक्यावर त्या दुपारी जेवढे कर्णे लावलेले, त्या सगळ्यांतून एकदम हा आवाज फुटला. माझ्या खांद्यावर तेव्हा दुसऱ्या थरातला ऐंशी किलोचा एक गडी, त्याच्या खांद्यावर तिसऱ्यातला, आणि चौथ्यातला नुकताच माझ्या पाठीवर पाय देऊन वर चढायला लागलेला. पहिल्या थरात उभं राहिलं की मान खाली घालायची, शेजारच्यांच्या गळ्यात हात अडकवायचे आणि देवाने दिलेलं तोंड बंद ठेवायचं. मान वर केली की वरचा हलतो, वरचा हलला की त्याच्या वरचा, आणि मग सगळेच थेट हॉस्पिटलात. त्यामुळे मला दिसत होते ते फक्त पाय. शेजाऱ्यांचे पाय, माझे पाय, आणि मधोमध कोणीतरी तुडवलेलं अर्धं केळं. बोंबलतंय कोण ते बघायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. असा गळा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच. तो सुटला की कळव्याच्या खाडीतले बगळे उडून मुंब्र्याला जातात.

तो मामा होता. माझा नाही, माझ्या मित्राचा. मित्र पायदळात शिपाई होता. चार वर्षांपूर्वी सीमेजवळच्या डोंगरात चकमक झाली, त्यात गेला. चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून मामाने त्याच्या मरणाची एजन्सी घेतली. शाळेचं स्नेहसंमेलन असो, रक्तदान असो, नव्या जिमचं उद्घाटन असो, मामा डोक्यावर टोपी घालून व्यासपीठावर हजर. आज तो आमच्या हंडीच्या स्टेजवर होता आणि निवेदकाच्या हातातला माइक त्याने असा हिसकावलेला की निवेदकाची अंगठी माइकला अडकून गेली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

"काय बोंबलतंय तो?" बाजूने आमचा कोच ओरडला. कोच म्हणजे माझा सख्खा चुलता. "पाय कुठं ठेवाचा मंग? हवेन?"

आता आमच्या पाठीवरच्या टी-शर्टची भानगड सांगतो, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखे कपाळाला हात लावाल.

आमचं पथक डोंबिवलीचं. म्हणजे डोंबिवलीत जे जुनं गाव होतं आणि आता टॉवरच्या मधे दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखं बसलंय, त्या गावाचं. यंदा टी-शर्टवर मित्राचा फोटो छापायचा असं मीच सुचवलं. चांगल्या मनाने सुचवलं, हे आधीच सांगतो, कारण नंतर कोणी विश्वास ठेवला नाही. देवळात मीटिंग बसली. कमिटीत सोळा माणसं. सोळा जणांची हंडीतली वर्षं एकापुढे एक मांडली तर पेशवाईच्या पलीकडे जातील. त्यात टी-शर्ट देणाऱ्या साहेबांचा माणूस येऊन बसलेला. तो म्हणाला, "शहीद पाहिजेच. शंभर टक्के पाहिजे. पण छातीवर साहेब. कॅमेरा छाती घेतो."

"मग तो कुठे?" मी विचारलं.

"पाठीवर. मोठा. साहेबांपेक्षा मोठा! साहेब स्वतः बोलले, शहीद माझ्यापेक्षा मोठा पाहिजे."

यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सोळा माणसं, जन्मभर एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन वर चढलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हंडीत पाय कुठे पडतो! चुलत्याच्याही नाही, ज्याने दोन पिढ्यांना पाठीवर पाय कसा द्यायचा ते कानफटात मारून शिकवलं.

टी-शर्ट आले. पुढे साहेब एवढे मोठे की बारीक पोरांच्या छातीवर मावेनात, त्यांचे दोन्ही कान पोरांच्या काखेत गेले. मागे माझा मित्र. छापणाऱ्याने त्याला इतका गोरा केलेला, ओठ इतके गुलाबी, की लग्नाच्या जाहिरातीतला नवरा वाटावा. शिवाय छातीवर तीन पदकं जास्तीची. मी छापणाऱ्याला फोन लावला.

"अरे बाबा, ही पदकं कुठली?"

"दादा, मोकळं मोकळं दिसत होतं."

मोकळं दिसत होतं! मी फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसलो.

खरा तो कसा होता ते सांगू? सावळा, रुंद, मान नावाची वस्तू नसलेला. त्याची आई आमच्या चाळीत भाड्याने राहायची, घाटावरून आलेली. नवरा लवकर गेला, ती एमआयडीसीत पॅकिंगला जायची आणि हा आमच्या घरी जेवायचा. जेवायचा म्हणजे काय, माझी आई तांदळाची भाकरी थापायची आणि तव्यावरून ताटात पडायच्या आत ती हवेतच नाहीशी व्हायची. सोळाव्या वर्षी चुलत्याने त्याला पहिल्या थरात उभं केलं, ते भरती होईपर्यंत आणि नंतर एकदा रजेवर आला तेव्हाही, तो तिथेच. डावीकडून चौथा. त्याच्या खांद्यावर दुसऱ्या थरात कोण? मी. तेव्हा मला पोट नव्हतं. सहा वर्षं त्याच्या खांद्यावर माझेच पाय होते, आणि मामाच काय, कोणी चिटपाखरूही बोंबललं नाही.

तो म्हणायचा, "साल्या, तुझ्या पायाच्या अंगठ्याचं नख मी तुझ्या होणाऱ्या बायकोच्या आधी ओळखलंय. काप ते."

अजून एक म्हणायचा. प्रॅक्टिसनंतर मैदानात पालथा पडून, पाठ चोळून घेत. "एवढ्या हंड्या फोडल्या रे आपण, मी एक पण फुटताना बघितली नाय. अंगावर पाणी पडलं की मला कळतं, फुटली वाटतं. घरी जाऊन टीव्हीवर बघतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. याच्यावरच सगळं अडलंय.

तो गेला तेव्हा पार्थिव यायच्या आधी फ्लेक्स आले. मी बढाया मारतो हे सगळं गाव जाणतं, पण ही बढाई नाही. नाक्यावर चार फ्लेक्स. त्याचा चेहरा जेमतेम ताटलीएवढा, आणि श्रद्धांजली देणारे परातीएवढे. मग लोक घरी यायला लागले. प्रत्येक जण त्याच्या आईसमोर चटईवर बसायचा आणि तो कसा मेला ते सांगायचा. जे तिथे नव्हते तेच जास्त सांगायचे. पहिल्या महिन्यात त्याने तीन शत्रू मारले होते. वर्षश्राद्धाला सात झाले. मामाच्या गेल्या वर्षीच्या भाषणात तर मोजदाद संपून "शत्रूचा तळच्या तळ" झालेला. काकी, मी त्याच्या आईला काकी म्हणतो, ऐकून घ्यायची. चहा करायची. कप उचलायची.

एकदा मी एकटाच होतो तेव्हा ती म्हणाली, "मरताना तो काय बघत होता ते सगळे सांगतात. तुमच्यात उभा राहायचा तेव्हा काय बघायचा, ते कोण सांगत नाही. तू सांग."

जिवंतपणी त्याने तिला कधी हंडी बघू दिली नव्हती. "मी नुसतं पोरांना पाणी वाटतो," असं त्याने सांगून ठेवलेलं. पहिल्या थरात उभा राहायचा हे तिला फ्लेक्सवर छापलेल्या ओळीतून कळलं. मुलगा गेल्यावर.

आता मला सांगा, अशा वेळी माणूस खरं बोलतो? पाय बघायचा काकी, चिखल बघायचा, माझं न कापलेलं नख बघायचा, असं सांगू? मी थाप मारली. आयुष्यात हजार मारल्या, इतकी मन लावून एकही नाही. म्हटलं, "काकी, हंडी बघायचा! वरचा पोरगा नारळ मारायचा ना, तेव्हा हा खालून मान वर करायचा. हंडी फुटली की दही थेट याच्या तोंडावर. मिशीला दही, भुवईला दही, आणि हा हसतोय. आम्ही खांद्यावरून बोंबलतोय, साल्या मान खाली घाल, आणि हा हसतोय."

ती पहिल्यांदा हसली. "दही आवडायचंच त्याला," म्हणाली.

झालं. ती गोष्ट तिने पकडली. बहिणीला सांगितली, शेजारणीला सांगितली, दूधवाल्याला सांगितली. माझ्या इतर थापा पथकातली पोरं फुगवतात, तो एका हाताने थर धरून दुसऱ्याने वडापाव खायचा वगैरे. ही मात्र ती जशीच्या तशी सांगायची. ना दही वाढलं, ना कमी झालं. बाकी सगळ्यांच्या गोष्टींत तो मरत होता. या एकीत नव्हता. आणि ती एक सपशेल खोटी होती. चार वर्षं मला धाक एकच, हंडीतल्या कोणी शहाण्याने तिला सांगू नये की काकी, पहिल्या थरातून काही दिसत नसतं.

तर यंदा ती म्हणाली, "मला यायचंय. तो कुठे उभा राहायचा ते बघायचंय."

नाही कसं म्हणणार? मी अटी घातल्या, जणू राष्ट्रपतींचा दौरा आहे. स्टेज नको, शाल नको, भाषण नको. तिने लांब उभं राहायचं, समोरच्या दुकानाच्या पायरीवर. लांबून सगळे चेहरे सारखे, सगळ्या माना सारख्या. लांबून माझी थाप टिकेल, असा माझा हिशेब. पोटामुळे मला आता दुसऱ्या थरात कोणी घेत नाही, म्हणून त्याची डावीकडून चौथी जागा दोन वर्षं मीच धरून आहे. मनात म्हटलं, थर उतरल्यावर तिच्याकडे बघून हात हलवेन, काम फत्ते.

आणि मामाने माइक हिसकावला.

थर उतरवले. म्हणजे कसेबसे सुटले. मी मान वर केली तर सगळा नाका आमच्याकडे पाठ वळवून मामाकडे बघतोय, आणि मामा आमच्या पाठींकडे बोट दाखवतोय. चौथ्यातल्या पोराच्या पायाचा चिखल माझ्या पाठीवर, म्हणजे मित्राच्या गुलाबी ओठांवर, छान पाचही बोटांसकट उमटलेला.

"माफी मागा!" मामा माइकमधून. "सगळ्यांनी आईच्या पायावर डोकं ठेवून माफी मागा!"

"मामा, माइक ठेवा," मी खालून.

"तू बोलू नकोस! तूच शहाणा, तूच फोटो लावलास!"

"पाठीवर कोणी लावला?"

"पाठीवर पाय कोणी ठेवला?"

"हंडी आहे मामा, कॅरम नाही!"

गर्दी हसली. मामा जास्तच पेटला. चुलत्याने तेवढ्यात तोडगा काढला, आणि तो काढताना नेहमीप्रमाणे पुढचा विचार केला नाही. "टी-शर्ट उलटे करा रं! आतली बाजू भायेर!" दीडशे पोरांनी भर नाक्यावर टी-शर्ट काढून उलटे घातले. शहीद आत गेला. अर्थात साहेबही आत गेले. साहेबांचा माणूस स्टेजवरून उडी मारून आला.

"साहेब कुठे गेले?"

"पोटाशी धरलेत," चुलता म्हणाला. "आजून काय पायजे?"

तो फोनवर कोणाला तरी ओरडायला लागला, मामा माइकवर ओरडतच होता, दुसऱ्या पथकाचे लोक "आमचा नंबर, आमचा नंबर" करून ओरडत होते. मला वाटलं, याच्यापेक्षा मित्र जिथे गेला तिथे कमी आवाज असेल. आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण हे वाक्य मी पुढे कुठेतरी वापरणार हेही मला त्याच वेळी कळलेलं.

शेवटी ठरलं, नुसती सहा थरांची सलामी द्यायची आणि निघायचं. शिट्टी वाजली. मी डावीकडून चौथा. गळ्यात गळे, मान खाली. दुसरा थर चढला. पाठीवर पाय, खांद्यावर पाय. वरून मामाचा आवाज अचानक थांबला. मला वाटलं, वीज गेली.

मग पायांच्या गर्दीत मला पाय दिसले.

बाहेरून आमच्या पाठी दाबून धरायला दुसरं कडं असतं, गावातली आडदांड माणसं. त्यांचे पाय मी ओळखतो. भेगा, चिखल, कोणाचा फताडा पंजा, कोणाच्या अंगठ्याला बांधलेलं फडकं. त्यांच्या मधून निळ्या पट्ट्याच्या बायकी चपला आत येत होत्या. एका पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिलाई. ही चप्पल मी चार वर्षं काकीच्या दाराबाहेर बघत होतो.

"ए, बाईमाणूस आत आलं!" कोणीतरी ओरडलं. "काकी, बाहेर व्हा, पडलो तर चिरडाल!"

"होते," ती म्हणाली. झाली नाही. माझ्या पाठीवर एवढे मोठमोठे हात होते, त्यांत एक लहान हात येऊन टेकला. बरोबर खांद्याच्या खाली, उलट्या टी-शर्टवर. मी बोलणार काय? वर पाच थर. बोललो असतो तर श्वास गेला असता आणि श्वासाबरोबर वरचा एक्का. एक्का म्हणजे सगळ्यात वरचं पोरगं. मी केळ्याकडे बघत राहिलो.

मग ती वाकली. कमरेतून, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून. पॅकिंगला जाऊन जाऊन पाठ गेलेली तिची. माझ्या काखेखालून तिचं डोकं आत आलं, आम्ही सगळे माना घालून जिथे बघतो तिथे. मी तिच्याकडे नजर फिरवली नाही. शप्पथ सांगतो, उभ्या जन्मात मला एवढं भारी वजन झालेलं नाही, आणि ते खांद्यावरचं नव्हतं. ती तिथे किती वेळ होती? मला विचाराल तर दोन पावसाळे. चुलता म्हणतो, सहावा थर लागून सलाम होईपर्यंत. वर पोराने हात उंचावला असेल, टाळ्या पडल्या असतील. आम्हाला आवाज आला. मग पाय उतरायला लागले, आणि ती चप्पल मागे सरकली.

नंतर कळलं, मामाला गप्प तिनेच केलं. स्टेजखाली जाऊन म्हणाली, "दादा, उतर. मला काही ऐकू येत नाहीये." आणि दुकानाच्या पायरीवर परत जायचं सोडून सरळ आमच्याकडे आली.

परत निघालो. पोरं ट्रकमध्ये, मी टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि तिच्या मधे, गिअरचा दांडा गुडघ्यात घेऊन. कळवा गेलं, बायपास गेला, ती रस्त्यावरचे फलक वाचत होती. मी मात्र बोलत होतो. शीळफाट्याला आलो तेव्हा पुढे गाड्यांचा असा चक्का जाम की तिथेच गाव वसवून ग्रामपंचायतीची निवडणूक घ्यावी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग माझाच आवाज उरला.

"काकी, चूक झाली. माझीच. पाठीवर फोटो लावायला नको होता. त्याच्या तोंडावर पाय पडला, तुमच्यासमोर. मामा ओरडला ते बरोबरच. पुढच्या वर्षी फोटो बाहीवर लावू, नाहीतर टोपीवर. टोपीवर कोणाचा पाय पडत नाही. ती जास्तीची पदकं पण काढायला सांगतो. कमिटी तुमच्या घरी येऊन माफी मागेल, सोळाच्या सोळा. काय म्हणता?"

ती पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत होती.

"खालून हंडी दिसत नाही," ती म्हणाली.